हातांचं ओतीव शिल्प घरी करताना: मापं, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

महिन्यातून दोन-तीन वेळा तरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो. वर्तमानपत्रावर आडवा ठेवलेला पांढरा हात, शेजारी तुटलेली करंगळी आणि खाली प्रश्न: "हे चिकटवता येईल का?" येतं चिकटवता. पाठवणाऱ्याला वाटतं की करंगळी साचा सोलताना तुटली. खरं तर ती आदल्या दिवशीच गेलेली असते, पीओपीत (प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये) अंदाजाने पाणी ओतलं तेव्हाच. या कामात चूक होते एका टप्प्यावर आणि दिसते तीन टप्प्यांनंतर. म्हणून खालचा क्रम मोडू नका. दोन माणसांचे एकमेकांत गुंफलेले हात, मनगटाच्या चार बोटं वरपर्यंत, असं काम धरून मी लिहितोय.

पद्धत दोन पदार्थांची आहे. पहिला अल्जिनेट. ही समुद्री शेवाळापासून केलेली पावडर, दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात तीच. पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरासारखी बसते. बादलीतल्या या मिश्रणात हात धरायचे, ते बसलं की हात काढून घ्यायचे आणि उरलेल्या पोकळीत दुसरा पदार्थ ओतायचा: पीओपी किंवा डेंटल स्टोन, म्हणजे दातांच्या प्रतिकृती करायला वापरतात ते पीओपीच्याच जातीचं कडक प्लास्टर. मूर्तीच्या कारखान्यातला रबरी साचा पुन्हापुन्हा वापरता येतो, अल्जिनेटचा नाही. एक साचा, एक शिल्प.

इशारा, सगळ्यात आधी: पीओपीत थेट हात कधीही घालायचा नाही. अल्जिनेट संपलं म्हणून नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही. पीओपी पाणी शोषून घट्ट होतं तेव्हा उष्णता बाहेर टाकतं, आणि जाड थरात ती साठून राहते. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला दोन्ही हात पीओपीच्या बादलीत घातले. प्लास्टर ६० अंशांपर्यंत तापलं, हात बाहेर निघेनात, आणि शेवटी तिची बहुतेक बोटं काढावी लागली.

## १. सामान: काय घ्यायचं, काय टाळायचं

अल्जिनेट. डेंटल दुकानात पाकिटावर 'फास्ट सेट' किंवा 'रेग्युलर सेट' लिहिलेलं असतं. फास्ट एक-दोन मिनिटांत बसतं, रेग्युलर दोन ते साडेचार मिनिटांत. तोंडात ट्रे धरायला ते ठीक, पण दोन माणसांना बादलीत हात घालून बोटं जुळवायला अपुरं पडतं. आपल्याला हवं हातांच्या साच्यासाठी मिळणारं संथ अल्जिनेट, सहा-आठ मिनिटं वेळ देणारं. फक्त तान्ह्या बाळाच्या मुठीसाठी फास्ट घ्यायचं, कारण बाळ सहा मिनिटं थांबत नाही. पावडर बारीक उडते, मिसळताना मास्क लावा.

ओतायला काय? रंगकामाच्या दुकानातलं भिंती-छताचं पीओपी नको. त्यात बसण्याचा वेळ वाढवणारे पदार्थ घातलेले असू शकतात. साच्यात ओतण्यासाठीचं पीओपी मागा. माझं मत विचाराल तर मोठ्यांच्या हातांना डेंटल स्टोनच. किंमत जास्त आहे, पण त्याला पाणी कमी लागतं, म्हणून तो कितीतरी घट्ट बसतो आणि बारीक बोटं टिकतात. बाळाची मूठ गोलमटोल असते, तिला पीओपी चालतं. स्टोन बहुधा पिवळसर मिळतो. शेवटी रंग द्यायचाच आहे, तेव्हा त्याने बिघडत नाही.

बादली. सरळ काठाची, आत दोन हात कडेला न लागता मावतील इतपतच रुंद. इमल्शन रंगाची चार लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बादली बहुतेक जोडप्यांना पुरते. मोठी घेतली तर महागडं अल्जिनेट नुसतंच कडेला भरून राहतं.

याशिवाय वजनकाटा, मापाचं भांडं, ड्रिलला लावायचा मिक्सर रॉड, व्हॅसलीन, आइस्क्रीमच्या काड्या, टूथपिक, मऊ ब्रश आणि एक तिसरा माणूस. हा तिसरा माणूस लोक विसरतात. ज्यांचे हात बादलीत जाणार, त्यांनी पावडर कालवायची नसते.

तपासा: पीओपीचं पाकीट कधी फोडलं होतं? कोकणात-मुंबईत एक पावसाळा काढलेलं उघडं पाकीट हवेतलीच ओल शोषतं. चमचाभर पावडर पाण्यात कालवून ठेवा. अर्ध्या तासात नखाने ओरखडा न पडण्याइतकी घट्ट झाली नाही, तर ते पाकीट वापरू नका.

## २. कोऱ्या पाण्यात तालीम आणि मोजमाप

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि निम्म्या चुका इथूनच येतात.

बादलीत साधं पाणी घ्या. दोघांनी हात घालून ठरलेली पोज धरा. बोटांची टोकं तळापासून दोन सेंटिमीटर वर, कडेपासून निदान दीड सेंटिमीटर आत हवीत. पाणी मनगटाच्या चार बोटं वर येईपर्यंत घाला. आता बाहेरून मार्करने पाण्याच्या पातळीवर रेघ ओढा.

हात काढा, निथळू द्या. बादलीत उरलेलं पाणी मोजून बाजूला ओता. समजा ते २.६ लिटर भरलं. अल्जिनेटचं मिश्रण तेवढं हवं. मग रिकाम्या बादलीत तेच पाणी परत घाला, आणि रेघेपर्यंत यायला वरून आणखी किती लागतं ते मोजा. समजा ९०० मिली लागलं. तेवढं आकारमान हातांचं, म्हणजे प्लास्टर तेवढं लागणार. एका रेघेत दोन्ही मापं मिळाली, अंदाज कुठेच नाही.

त्यावरून हिशेब असा:

- अल्जिनेट: हातांसाठीच्या पावडरीला बहुधा एकास चार, वजनाने. ६०० ग्रॅम पावडर, २.४ लिटर पाणी, म्हणजे साधारण २.६ लिटर मिश्रण. डेंटल अल्जिनेटला पाणी याच्या निम्म्याच्या आसपास लागतं, म्हणून पाकिटावरचं प्रमाण आधी वाचा. १०० ग्रॅम पावडर जादा जवळ ठेवा.
- डेंटल स्टोन: १०० ग्रॅमला ३० मिली पाणी. ९०० मिलीच्या पोकळीला दीड किलो स्टोन आणि ४५० मिली पाणी, थोडं उरेल एवढं.
- पीओपी: १०० ग्रॅमला साधारण ६० मिली. म्हणजे एक किलोला ६०० मिली.

पोज इथेच पक्की करा. हातात हात, गुंफलेली बोटं, आजीच्या तळव्यात नातवाची मूठ, या टिकतात. पाचही बोटं फाकवलेला हात नको. पातळ बोट एकटं उभं असलं की सोलताना पहिलं तेच जातं. दोघांच्या बोटांमध्ये केसभर फट ठेवू नका. त्या फटीत अल्जिनेटचा पापुद्रा तयार होतो, हात काढताना फाटतो, आणि प्लास्टरमध्ये दोन बोटं डिंकाने चिकटल्यासारखी एकजीव होतात. एक तर त्वचा त्वचेला घट्ट दाबलेली, नाहीतर अर्धा सेंटिमीटर मोकळं.

दोघांच्या उंचीत फरक असेल तर बादली स्टुलावर की जमिनीवर, तेही आत्ताच ठरवा. एकदा आजी खुर्चीत, नातू उभा, असं काम होतं. तालमीत सगळं झकास झालं. प्रत्यक्षात चौथ्या मिनिटाला आजी म्हणाल्या, "अरे, नाकाला खाज सुटलीय." त्यांची सून धावत आली आणि पदराने नाक पुसून गेली. हात जागचे हलले नाहीत, कारण आजींचं कोपर उशीवर टेकवलेलं होतं. वयस्कर माणसाच्या कोपराखाली उशी हवीच. हात थरथरत असेल तर धडधाकट हात खाली आणि थरथरता त्याच्यावर, अशी पोज घ्या.

## ३. पाण्याचं तापमान आणि वाटीची चाचणी

अल्जिनेट कोमट पाण्यात भराभर बसतं, गारात सावकाश. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून घेतलं, हा माझाच जुना प्रताप. सात मिनिटांचं अल्जिनेट तीन मिनिटांच्या आत बसलं. जोडपं अजून कुणाचा अंगठा वर यावरच अडलं होतं. सहाशे ग्रॅम पावडर कचऱ्यात गेली.

पाणी २० ते २२ अंशांवर आणा. उन्हाळ्यात फ्रिजमधलं पाणी मिसळावं लागतं, थंडीत सहसा काही करावं लागत नाही. बोअरचं जड पाणीही घोळ करतं. अल्जिनेट बसतं तेच मुळी कॅल्शियममुळे, आणि जड पाण्यात तो आधीच भरलेला असतो. मिळालं तर फिल्टरचं पाणी वापरा.

तपासा: एका वाटीत २० ग्रॅम पावडर, ८० मिली तेच पाणी, घड्याळ लावा. बोट लावल्यावर चिकटणं बंद झालं की वेळ लिहा. पाच मिनिटांच्या आत बसलं तर पाणी आणखी गार करा.

## ४. हातांची तयारी

हात साबणाने धुऊन कोरडे. मनगटावरच्या केसांना व्हॅसलीनचा हलका हात फिरवा. तळव्यांना आणि बोटांना नको, तिथल्या बारीक रेघा त्याने बुजतात, आणि रेघांसाठीच तर हा खटाटोप. अंगठी ठेवायला हरकत नाही, पण उंच खड्याची नको, ती अल्जिनेटला ओरबाडत बाहेर येते. बांगड्या आणि घड्याळ काढा. काचेच्या बांगडीखाली हवा अडकते आणि ती फुटली तर भलतंच. मेंदी, नेलपॉलिश चालतं. ओली जखम, नुकतीच काढलेली सलाईनची सुई, सोललेली कातडी असेल तर काम पुढे ढकला.

## ५. कालवणं

इथून पुढची दहा मिनिटं फोन लांब ठेवा.

मोजलेलं पाणी बादलीत. तिसऱ्या माणसाने सगळी पावडर एका दमात टाकायची आणि लगेच ड्रिल सुरू. पहिले काही सेकंद हळू, नाहीतर पावडर तोंडावर येते. मग ४५ ते ६० सेकंद, तळ आणि कडा खरवडत. ड्रिल नसेल तर लाकडी रवी चालते, पण मग पाणी दोन अंश अधिक गार ठेवा, हाताने वेळ जास्त जातो. रॉड पृष्ठभागाच्या खालीच फिरवा. वर-खाली केलात तर फेस होतो, आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा शेवटी बोटावर चामखीळ होऊन दिसतो.

दाटपणा धिरड्याच्या पिठाएवढा. श्रीखंडासारखं वाटलं तर उशीर झालाय किंवा पाणी कमी पडलंय. वरून पाणी ओतून पातळ करू नका. बसायला लागलेल्या अल्जिनेटमध्ये घातलेलं पाणी मिसळत नाही, नुसत्या गुठळ्या होतात.

## ६. हात आत

आत जाण्याआधी दोघांनी थोडं मिश्रण बोटांच्या बेचक्यांत आणि नखांभोवती चोळून घ्या. मग हात सुटे आणि तिरके आत. सरळ खाली घातले तर तळव्याच्या खोलगटीत हवेचा फुगा अडकतो. आत गेल्यावर बोटं दोनदा हलवा, पोज धरा आणि स्वस्थ.

कधी काढायचे? वाटीच्या चाचणीत सहा मिनिटं आली असली तरी घड्याळावर विसंबू नका. वरच्या थराला बोटाने दाबा. खरवसासारखं लागलं पाहिजे: दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं, बोटाला काही चिकटत नाही. त्यानंतरही दोन मिनिटं थांबा, तळाशी ते थोडं मागे असतं.

हमखास चूक: पाचव्या मिनिटाला हसणं. हात हलला तरी अल्जिनेट तुटत नाही, पण कडा दुहेरी उमटतात आणि ते प्लास्टर ओतेपर्यंत कळत नाही.

## ७. हात बाहेर

ओढू नका. आधी आतल्या आत बोटं किंचित हलवा, मनगटापाशी त्वचा सुटू द्या, हवा आत शिरू द्या. फुसकन आवाज येतो, तो आला की अर्धं काम झालं. मग एकेकाने, एकेक बोट सरळ करत बाहेर. गुंफलेल्या हातांत आधी कोण सुटणार हे तालमीतच ठरवलेलं असावं.

बादली उलटी करून हलके झटका. सुटे तुकडे आणि साचलेलं पाणी पडून जाईल. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. एखादा पापुद्रा लोंबत असेल तर चिमट्याने काढा.

इशारा: साचा 'नंतर ओतू' म्हणून ठेवू नका. उघड्यावर अल्जिनेटमधलं पाणी उडतं आणि साचा आक्रसतो, पाण्यात बुडवून ठेवला तर फुगतो. अर्ध्या तासात ओता. तेवढ्या वेळापुरतं तोंडावर ओलं फडकं पुरे.

## ८. ओतणं

पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलं तर तळाशी कोरड्या गाठी राहतात. मोजलेल्या पाण्यात पावडर मुठीने भुरभुरत सोडा, भाजणी परातीत पडावी तशी. एक मिनिट भिजू द्या, मग सावकाश, हवा न घेता ढवळा. स्टोन हट्टी असतो, पहिलं मिनिटभर वाटतं पाणी कमी पडलं. पडलेलं नसतं. ढवळत राहा, सैल होतो. इथे हात सैल सोडून शंभर मिली जादा घातलं की सुरुवातीच्या फोटोतली करंगळी तयार झाली म्हणून समजा.

पहिला घोट फक्त कपभर. बादली तिरकी धरून तो प्रत्येक बोटात उतरेल असं गोल फिरवा, बादली जमिनीवर हलकेच आपटा, परत फिरवा. बोटांच्या टोकांतली हवा याच वेळी निघते, नंतर निघत नाही. मग आणखी एक कप, पुन्हा आपटणं. निम्मं भरल्यावर उरलेलं कडेने बारीक धारेने सोडा आणि दोन मिनिटं बादलीच्या बाजूंना तळव्याने थापट्या मारत राहा. बुडबुडे वर येणं थांबलं की थांबा.

एकदम धबधब्यासारखं ओतलं तर टोकांत हवा कोंडते आणि आजोबांना तर्जनीचं टोकच नसतं.

## ९. सोलणं

बादली बाहेरून आधी गरम लागेल, मग गार होईल. गार झाली म्हणजे सोलायला तयार, असं नाही. स्टोनला निदान चार तास, पीओपीला रात्रभर, भर पावसाळ्यात दोन्हींना रात्रभर. दोन दिवस मात्र ठेवू नका, अल्जिनेट वाळून चिवट होतं आणि खरवडावं लागतं.

बादली उलटी करून ठोकळा बाहेर घ्या. मनगटाकडून सुरुवात, बोटं शेवटी. सुरी फक्त बाहेरचे दोन सेंटिमीटर कापायला. त्यानंतर हाताने आणि आइस्क्रीमच्या काडीने, खरवसाच्या वड्या सुटाव्यात तसे तुकडे काढत जा. बोटाभोवतीचा तुकडा बोटाला टेका देऊन बाहेरच्या दिशेने काढायचा, वाकवून नाही. बेचक्यांत टूथपिक.

बोट तुटलंच तर तुकडा डबीत ठेवा, लगेच चिकटवू नका. दोन्ही बाजू पूर्ण वाळल्यावर सुपर ग्लूच्या दोन थेंबांनी सांधा दिसेनासा होतो.

## १०. डागडुजी

आधी दोष ओळखा. वर आलेला गोळा हा अल्जिनेटमधल्या बुडबुड्याचा, आत गेलेला खड्डा हा प्लास्टरमधल्या हवेचा. गोळे फार असतील तर पुढच्या वेळी कालवण्यात सुधारणा करा, खड्डे फार असतील तर ओतण्यात.

गोळे ओलेपणीच नखाने किंवा ब्लेडच्या टोकाने उडवा. खड्डे भरण्याआधी ती जागा पाण्याने भिजवा, नाहीतर कोरडं प्लास्टर नव्या लेपातलं पाणी शोषून घेतं आणि लेप पोपडा होऊन पडतो. ब्रशने दाट लेप भरा, ओल्या बोटाने सारखं करा. पॉलिशपेपर फक्त मनगटाच्या काठाला. बोटांवर चालवलात तर त्वचेच्या रेघा गेल्याच.

मनगटाच्या आतल्या बाजूला नावं आणि तारीख खिळ्याने कोरायची असेल तर याच दिवशी.

## ११. वाळवणं आणि रंग

इथे सगळ्यात जास्त घाई होते. वरून पांढरं-कोरडं दिसणारं शिल्प आत आठवडाभर ओलं असतं. गालाला लावून बघा, गार लागलं तर ओलंच आहे. त्याहून पक्की परीक्षा वजनकाट्याची. रोज वजन लिहा, सलग दोन दिवस आकडा हलला नाही की वाळलं. कोरड्या हवेत दहा-बारा दिवस, पावसाळ्यात तीन-चार आठवडे. पंखा चालेल. ओव्हन किंवा गॅसजवळची जागा नको, जास्त उष्णतेने प्लास्टर भुसभुशीत होतं.

ओल्यावर रंग दिला तर महिन्याभरात फोड येतात. वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात, मग हवा तो रंग. सोनेरी-रुपेरी रंग चकचकीत एकसारखा दिला की हात प्लास्टिकचे वाटतात. आधी गडद तपकिरी द्या, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून सोनेरी फिरवा. सांध्यांवरच्या सुरकुत्या आणि नखांच्या कडा तेव्हा खऱ्या उठून येतात.

## उरलेलं काय करायचं

सोललेलं अल्जिनेट ओल्या कचऱ्यात नाही, सुक्यात. भांडी बेसिनमध्ये विसळू नका. पीओपी पाण्याखालीही घट्ट होतं, आणि बेसिनच्या पाइपात ते झालं की प्लंबरला भिंत फोडावी लागते. हातही आधी बादलीत धुवा. टमरेलात उरलेलं प्लास्टर तसंच वाळू द्या. दुसऱ्या दिवशी टमरेल बाहेरून दाबलं की सगळं पापुद्र्यांनी सुटून येतं, आणि टमरेल पुढच्या कामाला मोकळं.